नातवंडांच्या वाट्याचं पाणी

गुडीहत्नूरच्या काळ्या रानात कापूस पिकतो. या मातीखाली काळा पाषाण आहे, लाव्हारसातून घडलेला. वाळू धरते तसं पाणी तो धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणूनच बोअर कितीही खोल नेली तरी पाणी लागेलच असं नाही. आणि खोलवरचं पाणी उपसलं, तर ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. आज आपण उपसतो ते बरंचसं पुढच्या पिढीच्या वाट्याचं असतं.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला त्याच्या निम्मासुद्धा मिळत नाही. तरी १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्या गावानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरतात. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची. मला यातलं हे ठरवणंच सर्वांत मोलाचं वाटतं.

मातीचंही खोलवरच्या पाण्यासारखंच. बोटभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं जातात. उताराच्या दिशेनं नांगरलेल्या रानातून तो काही मोसमांत वाहून जातो. येत्या मृगाआधी बांध दुरुस्त करा, पेरणी उताराला आडवी करा.