स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि इन्सुलिनची गरज



वजन कमी करण्यासाठी पोटावर करावयाच्या शस्त्रक्रियेची चर्चा आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही कोणाचा भाऊ, कोणाची भावजय अशी शस्त्रक्रिया करून आलेली असते आणि ‘तिचा मधुमेह गेला, इन्सुलिन सुटले’ ही वार्ता शाळेच्या कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या बैठकीत, पारावर येऊन पोचते. ही वार्ता खोटी असतेच असे नाही. परंतु ती ज्या मधुमेहाविषयी खरी असते त्याहून निराळा असा एक मधुमेह आहे. त्या रुग्णाने या वार्तेवर विसंबून इन्सुलिन थांबविले, तर एक-दोन दिवसांतच त्याच्या प्राणावर बेतू शकते.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केलेले आहेत. पहिल्याचा रुग्ण कृश, दुसऱ्याचा स्थूल असे तेथे म्हटले आहे. आजचे वैद्यकशास्त्रही मधुमेहाचे दोन प्रमुख प्रकार मानते. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षणयंत्रणाच चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन तयार होत असते, पण ते पुरे पडत नाही किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही. पहिल्यात विहीर आटलेली असते; दुसऱ्यात पाणी आहे, पण पाट तुंबलेला आहे.

पहिल्या प्रकारचा रुग्ण कृशच असावयाचा, ही समजूत फार काळ टिकली, आणि तिला कारणही होते. टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले, तेव्हा त्याचे वजन जेमतेम २९ किलो होते. त्या काळी उपासमार हाच या रोगावरील उपचार होता. पुढे इन्सुलिनने ही मुले जगू लागली, प्रौढ झाली, संसाराला लागली. आता त्यांच्यापैकी कित्येकांपुढे स्थूलतेचा प्रश्न उभा आहे. इन्सुलिनचा गुणधर्म साठवण करण्याचा आहे. शिवाय साखर एकाएकी खाली जाईल या धास्तीने रुग्ण अधूनमधून खात राहतो. वजन वाढले की इन्सुलिनची मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा वाढली की वजन आणखी वाढते. आहार व व्यायाम यांनी हे चक्र मोडत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार पुढे येतो.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. हिची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केली. अशा शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या प्रकारचा मधुमेह पुष्कळांच्या बाबतीत आटोक्यात येतो, हे डॉ. वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. ‘इन्सुलिन सुटले’ या वार्तेचे मूळ तेथे आहे. पहिल्या प्रकारात मात्र नष्ट झालेल्या पेशी जठर लहान केल्याने परत येत नाहीत. वजन उतरते, रक्तदाब व रक्तातील चरबी सुधारते, इन्सुलिनची मात्रा बरीच, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, उतरते. साखरेची तीन महिन्यांची सरासरी मात्र अल्पच सुधारते, काहींची मुळीच नाही. हा लाभ लहान नव्हे. पण तो आहे तेवढाच सांगितला पाहिजे.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचे पहिले काम म्हणजे मधुमेहाचा प्रकार निश्चित करणे. प्रौढ वयात रोग जडला म्हणून दुसऱ्या प्रकारात गणलेला रुग्ण वस्तुतः पहिल्या प्रकारचा निघाल्याची उदाहरणे आहेत. सी-पेप्टाइड व प्रतिपिंडे यांच्या रक्ततपासण्यांनी याचा उलगडा होतो. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही आधी व्हावी, कारण साखर फार झपाट्याने उतरली तर पडद्याचा जुना विकार तात्पुरता बळावू शकतो. मूत्रपिंडे, हृदय, थायरॉइड ग्रंथी यांची पाहणी ओघानेच आली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान तीन दिवस आधी थांबवितात. त्या चालू असता साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्लता चढू शकते.

शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून अतिशय अल्प, बहुधा पातळ आहार देतात. या दिवसांत जुनीच मात्रा घेत राहिल्यास साखर धोक्याइतकी खाली येते, म्हणून मात्रा उतरवावी लागते. परंतु उतरविणे वेगळे आणि बंद करणे वेगळे. जेवणापूर्वी घ्यावयाचे इन्सुलिन अन्नासाठी असते. दिवसभर संथपणे काम करणारे दीर्घ परिणामाचे इन्सुलिन अन्नासाठी नसते, ते जगण्यासाठी असते. पोटात अन्नाचा कण नसला तरी यकृत साखर सोडतच राहते आणि इन्सुलिनच्या अभावी चरबी जळून कीटोन नावाची आम्ले साठतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीही दीर्घ परिणामाची मात्रा थोडी कमी करून चालूच ठेवतात, किंवा शिरेवाटे इन्सुलिन व ग्लुकोज देऊन तासातासाला साखर मोजतात.

खरी कसोटी लागते ती घरी परतल्यानंतर. पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण चमच्याचमच्याने खातो. वाटीभर पेज पुढे घेतली तरी ती संपेलच याचा भरवसा नसतो. अशा वेळी जेवणाचे इन्सुलिन आधी टोचून घेतले आणि दोन घासांनंतर मळमळू लागले, तर साखर खाली घसरणार. यास्तव पुष्कळ डॉक्टर या काळात जेवणाची मात्रा खाऊन झाल्यावर, पोटात गेलेल्या अन्नाच्या मानाने घ्यावयास सांगतात.

सर्वांत मोठी फसगत होते ती उलट्यांच्या बाबतीत. शस्त्रक्रियेनंतर मळमळ, उलटी, पोटदुखी, थकवा ही नेहमीची तक्रार असते. रक्तातील आम्लता वाढली म्हणजेही हीच लक्षणे दिसतात. घरची माणसे म्हणतात, ऑपरेशन झाले आहे, थोडे दिवस असे चालायचेच. रुग्ण म्हणतो, खाल्लेच नाही तर इन्सुलिन कशाला? दोन्ही बोलणी समजुतीची वाटतात, आणि या दोन्हींच्या मधल्या वेळेत रुग्ण अत्यवस्थ होतो. उलटी सुरू झाली की साखर आणि कीटोन दोन्ही तपासावेत. लघवीतील कीटोन पट्टीने घरच्या घरी पाहता येतात. रक्तातील पाहता आले तर अधिक बरे. कीटोन वाढलेले असतील, श्वास खोल व जलद चालू असेल, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर रात्र काढण्याच्या विचारात न पडता रुग्णालय गाठावे, आणि तेथे पोचताच रुग्णाला पहिल्या प्रकारचा मधुमेह असल्याचे सांगावे. जवळच्या आरोग्य केंद्रात या पट्ट्या असतात की नाही, याची विचारणा ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सहज करता येईल.

साखर ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे सुमारे तीन चमचे पूड, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हा नियम शस्त्रक्रियेनंतरही लागू आहे. फरक इतकाच की लहान झालेल्या जठरात पेलाभर सरबत मावत नाही. पूड थोड्या पाण्यात कालवून घोटाघोटाने द्यावी. आतडे जोडलेल्या रुग्णाची साखर गोड खाल्ल्यावर झपाट्याने चढते आणि एक ते तीन तासांत तितक्याच झपाट्याने उतरू शकते. म्हणून साखर उतरल्याखेरीज गोड पेये त्याने टाळावीत. समारंभात पेढ्याचा आग्रह करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कामावर रुजू झालेल्या शिक्षकाला किंवा कर्मचाऱ्याला दर दोन-तीन तासांनी थोडे खाण्याची मोकळीक आणि इंजेक्शन घेण्यापुरता आडोसा, एवढी सोय मुख्याध्यापक वा कार्यालयप्रमुख कोणत्याही लेखी आदेशाची वाट न पाहता करू शकतात.

लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात. पहिल्या वर्षानंतर, वजन मनाजोगे उतरले की, येथेच हयगय होते. तिचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. लोहाच्या अभावी पंडुरोग झाला म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी प्रयोगशाळेच्या कागदावर असते त्याहून अधिक दिसू शकते. त्या आकड्यावरून इन्सुलिन वाढविले, तर साखर उतरण्याचा धोका ओढवतो. तपासणीला जाताना हिमोग्लोबिनचा अहवाल आणि बोटातील रक्ताच्या रोजच्या नोंदींची वही, ही दोन्ही रुग्णाने बरोबर न्यावीत.