घरातली कामे आणि आपण

(वर्षावासातील रविवारच्या कार्यक्रमात एटापल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला विषय दिला तो 'सुटीचा दिवस'. या ठिकाणी मोठमोठ्या विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेले. मी प्राथमिक शाळेतला सेवानिवृत्त शिक्षक. माझा सुटीचा दिवस झाडू, कवेलू, सायकल आणि सुई यांत जातो, तेव्हा त्याविषयीच बोलेन. माता-भगिनींना यात नवीन काहीच नाही. माझा रोख पुरुषांकडे आणि विशेषतः वसतिगृहात राहणाऱ्या मुलांकडे आहे.

माझे बालपण ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात गेले. वडील 16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्याला दीक्षेला गेले होते. त्यांच्या हातात नाना कसब होते. खाट विणणे, कुऱ्हाडीला दांडा बसवणे, घर फेरणे, सगळे येई. पण मी झाडूला हात लावला की ते संतापत. "तो ठेव अन् पुस्तक घे," एवढेच म्हणत. त्यामुळे पाणी, शेण, सरपण, भांडी सगळे मायच्या डोक्यावर. मी शिकत होतो आणि ती वाकत होती. माझ्या लेखी ते तेव्हा अगदी स्वाभाविक होते.

1981 च्या जून महिन्यात मी एटापल्लीला रुजू झालो. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. भाड्याची एक कवेलूची खोली मिळाली. पहिल्या मोठ्या पावसात ती चार ठिकाणी गळू लागली. माझ्याजवळ एक छत्री आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत मॅट्रिकचे आणि डी.एड.चे प्रमाणपत्र. मी पेटीवर छत्री धरून रात्रभर बसलो, आणि तरीही सकाळी पाहतो तर कागद भिजलेलेच. छत्री वर धरली होती. पाणी मात्र खालून, जमिनीवरून पेटीत शिरले होते!

सकाळी पाचवीतला एक माडिया विद्यार्थी आला. गुरुजींची दशा पाहून तो हसला. त्याने कोपऱ्यातली काठी घेतली, आतूनच वर पाहिले, उजेड कुठून येतो ते हेरले आणि सरकलेले कवेलू काठीच्या टोकाने हळूच जागेवर ढकलले. दोन ठिकाणची गळती तिथेच थांबली. दहा-अकरा वर्षांचे पोर ते! मी त्याला पाढे शिकवत होतो.

मी वडिलांना पत्र लिहिले. पुढच्या मे महिन्यात ते आले आणि दुसऱ्याच दिवशी छपरावर चढले. खाली उभा राहून मी कवेलू देत होतो. दुपारी सावलीत बसल्यावर मी विचारले, "तुम्हाला एवढं येत होतं, मग मला का नाही शिकवलं?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुया आजा मालगुजाराच्या वाड्यावर फुकट राबला. आंगन झाडलं, घर फेरलं, सरपन फोडलं. मले वाटलं, तुले शिकोलं तं तुले बी तेच कराले लावतीन लोकं."

बंधूंनो, मालगुजारी 1951 साली कायद्याने संपली. तिची भीती मात्र 1982 पर्यंत माझ्या बापाच्या हातात शिल्लक होती. आपल्या कितीतरी घरांत हेच घडले. वेठीचा झाडू आपण टाकला, तो टाकायलाच हवा होता. पण त्याच्यासोबत आपल्या घरचा झाडूही टाकला, आणि तो आपल्या बायकांनी उचलला. मालगुजाराचे अंगण झाडणे आणि स्वतःचे अंगण झाडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकलेल्या पुरुषाने हा फरक ओळखला नाही, तर वेठ संपली असे म्हणता येणार नाही. ती घराच्या आत सरकली एवढेच.

आता थोडे कामाचे. घर फेरायचे ते मे महिन्यातच, पाऊस लागल्यावर नव्हे. ओले कवेलू निसरडे होते आणि पायाखाली फुटते. खालची ओळ उताणी, ती पाण्याची नाली. वरची पालथी, ती झाकण. नालीत पाला आणि माती साचली की पाणी बाजूने फुटते, म्हणून निम्मी गळती नुसत्या झाडण्याने जाते. वानरांचे काय करावे, हे मात्र मला चाळीस वर्षांत उमगलेले नाही. कमच्यांसाठी बांबू आणाल तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवा. त्यातला पिष्टाचा अंश निघून जातो आणि भुंगेरा कमी लागतो. आता पुष्कळांकडे स्लॅब आणि टिनपत्रे आली. पत्र्याचेही खिळे सैल होतात, तेव्हा शिडी काही सुटत नाही.

छपराचे काम मी शिकलो आणि चारचौघांत ते सांगूही लागलो. सौभाग्यवतींनी एकदा पाहुण्यांसमोरच विचारले, "कवेलू वर्षातून एकदा. भांडी दिवसातून दोनदा. ती कधी शिकता?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या अंगणवाडीत काम करीत. घरी येऊन पुन्हा चूल. त्या दिवसापासून रात्रीची भांडी माझ्याकडे आहेत. सुरुवातीला मी ती दार लावून घासत असे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

विद्यार्थ्यांसाठी सायकलचे सांगतो, कारण पंक्चरच्या निमित्ताने शाळा बुडते. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरा, बुडबुडे येतील तिथे खूण करा, पुसून कोरडी करा, पॉलिशकागदाने घासा, सोल्युशन लावा. इथेच सगळे घाई करतात! सोल्युशन बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे, मगच ठिगळ दाबायचे. आणि टायरच्या आतून हात फिरवून काटा काढायला विसरू नका, नाहीतर तोच काटा शाळेच्या वाटेवर पुन्हा भेटेल. विजेच्या कामात मात्र मेन स्विच बंद केल्याशिवाय आणि जाणकार सोबत असल्याशिवाय हात घालू नये.

छंदाबद्दल विचाराल, तर मी जुनी पुस्तके शिवतो. बाबासाहेब एवढ्या व्यापात उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आपण निदान सुई धरायला हरकत नाही. भिक्खूच्या अष्टपरिष्कारात चीवर आणि भिक्षापात्रासोबत सुईही आहे. फाटलेले स्वतः शिवावे, हे तिथे गृहीतच धरले आहे. आणि आपल्याच समाजात चांदा-भंडाऱ्याकडे जाडेभरडे कापड विणणारी घरे होती; धागा आपल्याला परका नाही.

आपल्या दमट हवेत शालेय पुस्तकांच्या पिना गंजतात आणि मधले पान आधी सुटते. गंजकी पिन काढून मधल्या घडीवर तीन भोके पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा, पुस्तक वर्षभर हलत नाही. पुठ्ठ्याला मैद्याची खळ लावा. जुने बांधणीवाले खळीत किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे, म्हणून मुलांनी त्याला हात लावू नये, ते काम मोठ्यांनी करावे.

माझ्या त्या दोन प्रमाणपत्रांवर अजून पाण्याचे डाग आहेत. वडिलांनी ती उन्हात वाळवून, मागे कागद चिकटवून दिली होती. ज्यांना पाहायची असतील त्यांच्यासाठी आज आणली आहेत, टेबलावर ठेवतो.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या कपाटातली सुटी झालेली पुस्तके काढायची आहेत. दोरा आणि खळ मी आणतो. येताना सुई आणा, आणि मुलांनो, ती आईकडून मागून घेताना कशासाठी हवी तेही तिला सांगा. जयभीम.