मूल्य कसे लिहावे, हे कसे सांगावे?



वारासिवनीच्या शेतकऱ्याजवळ खसऱ्याची नक्कल असते, तर राज्याच्या सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडील त्याच्या सोयऱ्याजवळ सातबाराचा उतारा. क्षेत्र दोन्हींत हेक्टरातच. मात्र खसऱ्यात ते 0.405 असे दिसते, आणि सातबारात 0.40.50, म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. जमीन तितकीच, सुमारे एक एकर. पटवारी व तलाठी यांना हे सवयीने उमगते. संगणकाला सवय नसते. दोन टिंबांचा आकडा त्याच्या लेखी आकडाच नव्हे.

याहून घातक चूक ती, जी संगणक मुकाट्याने स्वीकारतो. दोन हेक्टर पाच आर हे क्षेत्र 2.05 असे लिहावयाचे. कोणी 2.5 लिहिले, तर पंचेचाळीस आर, म्हणजे एक एकराहून अधिक जमीन, कागदावर वाढते.

प्रत्येक प्रणालीने कसे वागावे, हे ठरविणारी मूल्ये कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहिलेली असतात. ती फाईल रचणारा पुढे दुसरीकडे जातो आणि मागे उरते केवळ माहितीपत्रक. त्यात बहुधा ‘येथे योग्य मूल्य भरावे’ एवढेच असते. योग्य म्हणजे कोणते, हेच तर वाचकाला हवे असते!

बालाघाटचा दूरध्वनी संकेतांक 07632 घ्या. ‘यामल’ या लेखनपद्धतीच्या 2005 मधील 1.1 आवृत्तीत आरंभी शून्य असलेली अशी संख्या आठ आधाराची समजली जाते. म्हणून अवतरणचिन्हांविना लिहिलेला हा संकेतांक 3994 असा वाचला जातो. त्याच आवृत्तीत नॉर्वे देशाची ‘एनओ’ ही रोमन आद्याक्षरे ‘नाही’ असा अर्थ घेतात. 2009 च्या 1.2 आवृत्तीने हे नियम बदलले, पण जुन्या नियमांची साधने अजून वापरात आहेत. म्हणून कोणती आवृत्ती, हेही पत्रकात हवे.

क्षेत्राच्या रकान्यासाठी सूचना अशी असावी: ‘क्षेत्र हेक्टरात, रोमन अंकांत नव्हे तर 0 ते 9 या अंकांत लिहावे. दशांशचिन्ह एकच, त्यापुढे चार स्थळे. दोन हेक्टर पाच आर म्हणजे 2.0500. क्षेत्र अज्ञात असल्यास जागा रिकामी ठेवावी, शून्य लिहू नये.’ अखेरचे वाक्य अनेकांना फाजील वाटते. परंतु अज्ञात क्षेत्र आणि शून्य क्षेत्र यांत खातेदाराचा हक्क अडकलेला असतो. चुकीचा नमुनाही द्यावा: 2.05.00 चालणार नाही.

पत्रक तयार झाले की, ती प्रणाली कधीही न पाहिलेल्या लिपिकाकडून पाच नोंदी लिहवून घ्याव्यात. तो जेथे अडेल, तेथे पत्रकात एक वाक्य कमी आहे.