रथ कुठे आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजचा विषय जरा जड वाटेल. वस्तू म्हणजे नेमके काय? तिचे भाग बदलले तरी ती तीच राहते का? तिच्या पोटात कधीही न बदलणारे असे काही सत्त्व असते का? कुणी म्हणेल, पोटापाण्याच्या धांदलीत ही चर्चा हवी कशाला? पण हा प्रश्न आपल्याला फार जवळचा आहे. कसा, ते ओघाने येईलच.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. पाली ग्रंथात त्याला मिलिंद म्हटले आहे. १९५० साली सुरू झालेल्या औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिले, ते याच राजाचे. त्याचा आणि भदंत नागसेनांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहे.

राजाने नाव विचारले. नागसेनांनी सांगितले, मला नागसेन म्हणतात, पण ते व्यवहारापुरते नाव आहे. त्यामागे वेगळा कुणी पुद्गल सापडत नाही. राजाला ते पटेना. तेव्हा नागसेनांनी उलट विचारले, महाराज, आपण कशाने आलात? रथाने. मग रथ कोणता ते दाखवा. आस म्हणजे रथ का? चाके? सांगाडा? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. बरे, हे सारे भाग सोडून रथ वेगळा आहे का? तेही नाही! अखेर राजाच म्हणाला, या भागांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते.

आपल्या गावची बैलगाडीच बघा ना. चाके, आस, जू अंगणात सुटे मांडले, तर तो ढीग होतो. तेच नीट जोडले की गाडी होते आणि पोती वाहून नेते. म्हणजे गाडी खोटी नाही. पण 'गाडीपण' म्हणून काही त्या चाकात लपून बसलेले नसते. वैशेषिक पंडितांचे मत निराळे होते. अवयवांहून वेगळा असा 'अवयवी' खरोखर असतो, असे ते मानीत. बौद्ध आचार्यांनी ते नाकारले.

मग भाग बदलत गेले तर? ग्रीक लेखक प्लुटार्कने अथेन्सच्या एका जहाजाची हकिकत दिली आहे. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, असे करीत ते जपले. ते तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्वज्ञांचा वाद चाले. असाच प्रश्न आपल्या बोधिवृक्षाचा आहे. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ साली कोसळला आणि १८८१ साली तेथे नवे रोप लावले गेले. इकडे अनुराधपूरला संघमित्रा थेरींनी सम्राट अशोकाच्या काळात नेलेल्या फांदीचा वृक्ष आहे, अशी परंपरा आहे. आता खरा कोणता? जागा एकाची, फांदी दुसऱ्याची! 'खरेपणा' नावाचा गाभा शोधत बसलो, तर उत्तर मिळणार नाही.

नागसेनांनी याला दिव्याचा दृष्टान्त दिला. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नव्हे. पण अगदी परकीही नव्हे. एकीच्या आधाराने दुसरी होते. कारणांची ही साखळी म्हणजेच ओळख.

यावर कुणी चलाख माणूस म्हणेल, मग काल चोरी करणारा मी आणि आजचा मी वेगळे, शिक्षा कशाला? त्यालाही उत्तर तयार आहे. आंबे चोरणारा म्हणाला, मालकाने लावली ती कोय, मी नेले ते आंबे वेगळेच! राजानेच न्याय दिला की त्या कोयीमुळेच हे आंबे आले, म्हणून हा दोषी. म्हणजे गाभा नसला तरी जबाबदारी सुटत नाही.

आता खरी मेख. गाईत जसे 'गोत्व' तसे माणसात 'ब्राह्मणत्व' जन्मतः असते, असे मीमांसकांनी मांडले. एकदा हे मानले की उच्चनीचता माणसाच्या आतच आहे असे ठरते, आणि मग ती शिक्षणाने जात नाही की सदाचाराने. भगवंतांनी वासेट्ठसुत्तात याच्या मुळावरच घाव घातला. गवत, किडे, मासे, पक्षी यांच्यात जातीची वेगळी लक्षणे दिसतात, माणसामाणसांत ती दिसत नाहीत. शेतकरी, कारागीर, व्यापारी ही कामावरून पडलेली नावे आहेत. रथात 'रथपण' सापडले नाही, तसे माणसात 'हीनपण' सापडत नाही. आमच्या वाडवडिलांवर जे लादले, ते एक नाव होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी ते टाकून दिले. आत अविनाशी गाभा असता, तर ते टाकता आले असते का?

पण लक्षात ठेवा, हाच नियम आपल्यालाही लागू आहे. 'बौद्ध' हेही नुसते नाव घेऊन भागत नाही. विहारही विटा-सिमेंटात नसतो. वंदना, मुलांची अभ्यासिका, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणे, हे सारे जोडलेले राहिले तर विहार. नाहीतर अंगणातला ढीग! आस-चाके आपणच आहोत. ती जोडून ठेवू या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!