ऐकण्याची विद्या

(भोर येथे विद्यार्थी व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर यांच्या सावलीत आपण वाढलात. या गडांचा इतिहास पुष्कळसा जुन्या कागदपत्रांतून उलगडला. हे कागद जमवण्यासाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. परंतु ज्या घरात दप्तर नाही, त्या घराच्या इतिहासाचे काय? तो माणसांच्या स्मरणात असतो. तो मिळवण्याचे साधन म्हणजे मुलाखत.

आपल्या परिसरातील दोन धरणांचेच उदाहरण घ्या. भाटघरचे मोठे धरण १९२०च्या दशकात पुरे झाले. वेळवंडी खोऱ्यातील बुडालेली घरे पाहिलेला माणूस आज भेटणे नाही. भेटते ती ऐकीव हकिकत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे मंदिर मात्र अजून वर येते. उलट, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. ‘पाहिलेले’ आणि ‘ऐकलेले’ यांची नोंद वेगवेगळी करणे, हा या विद्येचा पहिला धडा.

दुसरा धडा प्रश्नाचा. पत्रकारितेच्या उमेदवारीत मी एका धरणग्रस्त आजींना विचारले, “आजी, धरणामुळे तुमचे फार नुकसान झाले ना?” त्या “हो” म्हणाल्या आणि गप्प झाल्या. उत्तर मीच त्यांच्या तोंडी घातले होते! मग विचारले, “घर सोडताना बरोबर काय काय घेतलेत?” त्यावर तासभर त्या बोलत राहिल्या. जाते आणले, पण परसातला आंबा मागेच राहिला.

तिसरा धडा मोजमापाचा. वडीलधाऱ्यांना सन विचारू नका, “बहात्तरच्या दुष्काळात आपले लग्न झाले होते का?” असे विचारा. जमीन किती एकर, यापेक्षा भात किती खंडी होई, हे त्यांना नेमके आठवते. आठवायला वेळ लागला तर थांबा. मधली शांतता स्वतःच्या बडबडीने भरू नका.

चौथा धडा पडताळणीचा. श्रद्धेने ऐकावे, परंतु तपासून लिहावे. दोन शेजाऱ्यांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवा. तलाठ्याकडील फेरफार आणि सातबारा पाहा. आपल्याला सोयीचे तेवढेच टिपणे हा सांगणाऱ्याचा अपमान आहे.

आणि शेवटचा धडा ऋणाचा. ध्वनिमुद्रणापूर्वी अनुमती घ्या. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा, चुकले तर दुरुस्त करा, एक प्रत त्यांच्या घरी द्या. ज्याला “हे छापू नको” असे म्हटले, ते छापायचे नाही.

संपर्क हा समाजकार्याचा प्राण आहे, असे आपण नेहमी म्हणतो. ओसरीवर बसून वृद्धाचे शांतपणे ऐकणे, हाही संपर्कच. बारामती-फलटणचा ऊस ज्या पाण्यावर उभा राहिला, त्याच्याखाली कोणाची शेते गेली, हे त्या भागातील मुलांनाही कळले पाहिजे. समाज एक आहे, असे म्हणायचे तर एकमेकांचा त्याग ठाऊक हवा.

म्हणून या सुट्टीत प्रत्येकाने एकाच वडीलधाऱ्या व्यक्तीकडे जावे. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. ओसरीवर तेव्हा कोणी असेलच, असे नाही.