चारचौघांत न वाचायची पत्रं

आमच्या देवळाली प्रवरात, राहुरी तालुक्याच्या या ऊसपट्ट्यात, पत्र वाचून दाखवणं हा एके काळी शेजारधर्म होता. मोहल्ल्यात त्याला खत म्हणायचे, वाड्यावस्तीवर टपाल. ज्याला अक्षरओळख, त्याच्या ओट्यावर म्हातारी माणसं पोस्टकार्ड घेऊन येत. वाचणाराही जाणता असे. चारचौघांत नको अशी ओळ आली, की तो ती गिळायचा आणि मंडळी पांगल्यावर हळूच सांगायचा.

न्यायालयात मात्र ओळ गिळता येत नाही. ज्या मजकुरावर आरोप, तो मजकूर न्यायाधीशांपुढे मांडावाच लागतो. असा एक खटला १९३४ साली मुंबईत चालला. आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढू लागले.

या मासिकात वाचकांची पत्रं येत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरच्या शंका. घरात विचारायची सोय नाही, डॉक्टरांसमोर जीभ रेटत नाही, म्हणून शंका पाकिटात घालून पाठवायची. कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे सरळ उत्तरं देत. या प्रश्नोत्तरांवरच अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्याआधी १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झालेलाच होता.

या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, वाचकानं शंका विचारली तर उत्तर द्यायला हवं, आणि कुठं विकृती असेलच तर ती ज्ञानानंच जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य झाला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

अश्लीलतेची त्या काळची कसोटी १८६८ च्या एका इंग्रजी निकालातून आलेली. मजकूर ज्याच्या हाती पडेल, त्याचं मन बिघडेल का, एवढंच पाहायचं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ती कसोटी २०१४ साली बाजूला ठेवली. पण गंमत पाहा. ज्याचं मन बिघडेल म्हणून कायदा काळजीत होता, तो वाचक स्वतःच प्रश्न घेऊन आला होता. तो आधीच बेचैन होता. उत्तरानं त्याचं बिघडणार होतं, की त्याला झोप लागणार होती?

दंड भरूनही कर्व्यांनी मासिक सोडलं नाही. १९५३ साली ते वारले, तोवर ते चालू होतं.

आजचा मुलगा तोच प्रश्न मोबाइलला विचारतो. उत्तर क्षणात मिळतं, पण देणारा कोण, हे कळत नाही. कर्व्यांच्या उत्तरामागं त्यांचं नाव होतं, आणि त्या नावावर दंड सोसायची तयारीही होती.