मुंबईचे जॅझवाले



लग्नाच्या वरातीत बँड वाजतो. त्यातला चकचकीत पितळी कर्णा तुम्ही पाहिलाच असेल. त्याला ट्रंपेट म्हणतात. हा कर्णा फुंकणाऱ्या काही माणसांची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत. त्यांच्या संगीताचं नाव जॅझ.

जॅझ जन्मले अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स नावाच्या बंदरात. आफ्रिकेतून धरून नेलेल्या काळ्या माणसांना तिथे गुलाम केले होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण हाल संपले नाहीत. त्यांची शाळा वेगळी, गाडीत बसायची जागा वेगळी. आपल्याकडे पाणवठे वेगळे होतेच की! त्या लोकांनी कष्टाची गाणी, देवाची गाणी आणि फौजी बँडची वाद्ये एकत्र आणली. १९०० सालाच्या सुमारास त्यातून हे संगीत उभे राहिले.

ते वाजवतात कसे? आपल्या भजनाची आठवण करा. बुवा अभंग धरतात, टाळकरी साथ देतात. मध्येच पखवाजी आपला हात दाखवतो, बाकीचे ठेका सांभाळतात. जॅझचंही तसंच. आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. ज्याची पाळी, तो त्या चालीवर आपल्या मनाचे वाजवतो. शेवटी पुन्हा सगळे मूळ चालीवर येतात. काल वाजवले तेच आज वाजेल, असे नाही.

१९३५ साली लिऑन ॲबी हा काळा वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागून आणखी आले. टेडी वेदरफर्ड हा पियानो वाजवणारा त्यांतलाच. तो १९४५ साली कलकत्त्यात पटकीने गेला. या लोकांना मायदेशी गोऱ्यांच्या पंगतीला बसता येत नव्हते.

त्यांची विद्या इथे उचलली कोणी? मुख्यतः गोव्याच्या पोरांनी. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना संगीत लिहायला-वाचायला शिकवीत. पाच आडव्या रेघा आणि त्यांवर ठिपके. ठिपका वर गेला की सूर चढा, खाली आला की उतरता. आपण अक्षरे वाचतो, तसे ते सूर वाचीत.

गावात पोट भरेना, म्हणून ही पोरे मुंबईला आली. धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या ‘कूडी’ होत्या. एकेका गावची एकेक कूड. पेटी ठेवायला जागा, वळकटी पसरायला जागा, आणि सांजेला सगळ्यांची मिळून प्रार्थना. गिरणगावात आपल्या लोकांच्या गावकीच्या खोल्या होत्या ना, तशीच सोय. काम नसलेल्यालाही तिथे आसरा मिळे.

बार्देशातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे अशांपैकीच. लोक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. ताजमध्ये ते कर्णा वाजवीत. लुई आर्मस्ट्राँग या मोठ्या अमेरिकन कर्णेवाल्याशी लोक त्यांची तुलना करीत.

मग मुंबईत दारूबंदी आली. काही हॉटेलांतले गाणे-वाजवणे कमी झाले. सिनेमाच्या कामाने पुष्कळांना हात दिला. सी. रामचंद्र हे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट यांनी काम केले. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाची गाणी ऐका. आपल्या मातीची चाल आणि मधूनच जॅझचा कर्णा! भगवानदादा त्यावर नाचले आणि सारा देश नाचला.

हे काम सोपे नव्हते बरं का. संगीतकार चाल गाऊन दाखवी. गोव्याचा जाणकार ती ठिपक्यांत उतरवी. व्हायोलिनने काय वाजवायचे, कर्ण्याने काय, हे तो वेगवेगळ्या कागदांवर लिही. तीस-चाळीस माणसे समोर कागद ठेवून एकदम वाजवीत. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून, कारण तेव्हा सगळे एकत्रच ध्वनिमुद्रित होई.

पण चित्रपटाच्या सुरुवातीला नावे येतात ना, त्यांत या वाजवणाऱ्यांची नावे बहुधा नसत. संगीतकाराचे नाव असे, गाणाराचे असे. इतरांना मजुरी मिळे. जे दुसऱ्याची चाल कागदावर लिहीत, त्यांचेच नाव कोणी लिहिले नाही! आम्हांला हे फार लागते.

१९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ नावाचा मोठा उत्सव सुरू झाला. देशोदेशीचे वादक आले. आजही मुंबईत नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए.मध्ये जॅझ ऐकायला मिळते.

आणि नावांचे म्हणाल, तर ग्रेगरी बूथ नावाचे एक परदेशी प्राध्यापक मुंबईत आले. म्हाताऱ्या वादकांना भेटून त्यांनी विचारपूस केली. कोणी काय वाजवले, कोणी काय लिहिले, हे टिपून २००८ साली त्यांनी पुस्तक छापले. पुष्कळ जण तोवर गेले होते. चिक चॉकलेट तर १९६७ सालीच गेले.